कपाटाच्या दारावरची नोटीस

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. आमच्या स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून सोसायटीची एक नोटीस चिकटवलेली आहे. ती सोसायटीची नाही. ती मी लिहिली.

लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. आजोबा नव्वदीतले, सगळा जन्म गिरणीत गेलेला. सकाळी पेजेबरोबर त्यांना गॅसवर भाजलेला सुका बांगडा लागायचा. चाळीत त्यातला अर्धा शेजारच्या खोलीत जायचाच. लहानपणी मी शेजारणीच्या कारल्याच्या भाजीला नाक मुरडलं, तेव्हा ते म्हणाले होते, "अन्नाक नाक मुरडू नये. करणाऱ्याच्या हातार थुकल्यासारख्या होता." आमच्या घराची शिकवण म्हणाल तर एवढीच.

एका रविवारी ऑफिसातले साहेब बायकोला घेऊन नवं घर बघायला आले. बांगडा नुकताच भाजून झाला होता. बाईंनी नाकाला रुमाल लावला. आणि मला आजोबांची किळस आली. त्यांच्या काळवंडलेल्या बोटांची, काटे चोखण्याच्या आवाजाची. ज्या वासात मी वाढलो, त्याच वासाने मला मळमळलं. आता मळमळतं ते माझं तेव्हाचं नाक आठवून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातच ती नोटीस टाइप केली. रहिवाशांच्या तक्रारी आल्याने घरात सुकी मासळी भाजू नये. खाली सेक्रेटरीची सही म्हणून एक रेघोटी. सगळ्यांना दिलीय म्हणत ती आजोबांच्या हातात ठेवली.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. "गिरणीत विडी पेटवूची नाय, तसो हय बांगडो भाजूचो नाय. नियम तो नियम," म्हणाले. आईच्या लक्षात राहावं म्हणून भाताची शितं लावून त्यांनीच ती कपाटाला चिकटवली आणि उरलेले बांगडे कागदात बांधून वॉचमनला देऊन आले. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली नाही, हे सगळ्यात घाणेरडं.

मग एकदा मी आणि आजोबा लिफ्टने येत होतो. चाळीतली जुनी शेजारीण आत आली. हातात पिशवी, पिशवीत सुके बोंबील. "काय हो, तुमच्याकडे सगळ्यांनी माळ घातली की काय? वासच नाही येत हल्ली. आमच्याकडे बघा, एक दिवस चुकत नाही."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मग लिफ्टचे आकडे बघत राहिले. ते विचारतील म्हणून घरी आल्यावर मी बराच वेळ बाथरूममध्येच बसून होतो. त्यांनी विचारलं नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही. नोटीसही काढली नाही.

वर्षभराने ते अंथरुणाला खिळले. एकदा मी त्यांची ओली चादर बदलत होतो, श्वास रोखून. त्यांना ते कळलं असावं. "माझो वास भायर जाता काय रे? बघ हां, नोटीस लागात," म्हणाले आणि हसले. मी चादर घेऊन मोरीकडे गेलो. आठवड्याने ते गेले.

आमच्यात गेलेल्याच्या तिथीला त्याच्या आवडीचं पान ठेवतात. यंदा आईने सुका बांगडा आणायचा विषय काढला. बाबांनी कपाट उघडून दाखवलं. आई म्हणाली, अख्खी बिल्डिंग भाजते. बाबा म्हणाले, "मोडू देत त्यांना. हा नियम माझ्या वडलांनी स्वतःच्या हाताने लावलाय. त्यांच्याच पानासाठी मी मोडू?"

पानावर वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. मी बाबांच्या शेजारी उभा राहून हात जोडले, आणि नंतर पोटभर जेवलो.

ती नोटीस माझी आहे हे मला बाबांना सांगायचं आहे. त्यांच्यासमोर ती खरवडून काढायची आहे. आजोबांच्या पानावर मी स्वतः भाजलेला सुका बांगडा ठेवायचा आहे. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.