दा नांगच्या तीन खोल्या

आखातातल्या आमच्या चार कुटुंबांच्या सहली नेहमी मीच आखायची. ईदची सुटी जाहीर होण्याआधीच माझी विमानं बघून झालेली असायची, बाकीचे डोळे मिटून हो म्हणायचे. त्यामुळे त्यांच्यातल्या एका मैत्रिणीने फोनवर "या ईदला व्हिएतनाम, दा नांग कसं वाटतं? तू जरा बघ ना," म्हटलं तेव्हा मला भरून आलं. नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवरचा. मुलीचं शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुदत मिळाली होती, मग कायमचं पुणं. या माणसांबरोबरची ही शेवटची सहल, हे मी मनाशी धरून बसले.

नंतरचे दिवस मी त्या गावातच राहत होते म्हणा ना. मैत्रिणीचे गुडघे दुखतात म्हणून संगमरवरी डोंगराला लिफ्ट आहे हे शोधून काढलं. एकाला बोट लागते म्हणून बेटाची फेरी रद्द केली. तिथे जिथे तिथे फिश सॉस, तेव्हा शाकाहारी मंडळींसाठी दोन हॉटेलं हेरली. एकदा मुलगी शेजारी येऊन बसली. "मॉम, दॅट ब्रिज विथ द बिग हँड्स, आर वी गोइंग देअर?" कितीतरी दिवसांनी तिने आपणहून काही विचारलं होतं. मी हो म्हटलं. पुण्याला सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पोरीला घेऊन जा. तिचा चेहरा बघवत नाही मला."

शनिवारी मोहम्मद बिन झायद सिटी या उपनगरात मैत्रिणीकडे सगळे जमलो. मुलं आतल्या खोलीत गेली. चहा झाल्यावर मैत्रिणीच्या नवऱ्याने लॅपटॉप उघडला.

"वहिनी, प्लॅन एकदम फर्स्ट क्लास. यल्ला, चला, आजच बुक करून टाकू. तीन डबल रूम, मुलांना एक्स्ट्रा बेड, खलास."

"चार रूम," मी म्हटलं.

मैत्रीण उठून कप गोळा करायला लागली. त्यातले दोन अजून भरलेले होते.

"अगं, वर्ष नाही ना झालं अजून," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुला यावंसंच वाटणार नाही. प्लॅनिंगमध्ये तेवढंच तुझं मन रमेल."

माझं डोकंच फिरलं. "मला विचारलंत? मी काय तुमची ट्रॅव्हल एजंट आहे?"

"तसं नाही हो वहिनी. घरच्यांना काय वाटेल..."

"सासूबाईंनीच जा म्हणून सांगितलंय."

जिंकले, असं मला वाटलं. तेवढ्यात मैत्रीण माझ्यासमोर येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"तुला बघितलं की तोच दिसतो गं. तू हसलीस तरी दिसतो. यांना अजून झोप लागत नाही. फक्त चार दिवस सुटी दे आम्हाला."

तिला एक ठेवून द्यावी असं वाटलं. पण हॉस्पिटलात माझ्या शेजारी हीच बसली होती. शवागारातले सोपस्कार करून शवपेटीबरोबर पुण्यापर्यंत आला होता तो हिचाच नवरा. मला ते विसरता येईना, म्हणून जास्तच राग आला.

मी तिथेच बसून सगळा प्लॅन ग्रुपवर टाकला, लिफ्टचं तिकीट कुठे मिळतं तेसुद्धा. मग मुलीला हाक मारली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "सो वी आर नॉट गोइंग." आतून तिने सगळं ऐकलं होतं. मी नाही म्हटलं आणि गाडी सुरू केली.

मैत्रिणीने माझ्यापासून सुटी मागितली आणि तिला ती मिळाली. मलाही तीच हवी होती, पण मला ती कुणी देऊ शकत नव्हतं.