मामाची झील

पांढुर्णा जिल्ह्यात माणसांना ताटकळत ठेवण्यात रेल्वेफाटकानंतर माझ्या आतेभावाचाच नंबर लागतो. त्याची भजनं मोबाइलवर गाजली तेव्हापासून तो कोणासाठी थांबत नाही, लोक त्याच्यासाठी थांबतात. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, पण सौंसरच्या बाजारात माझी ओळख 'गायकाचा मामेभाऊ' एवढीच उरली आहे. आत्याच्या संत्र्याच्या बागेत उभा राहून हा संत्र्याला हात लावत नाही. "गळा सांभाळून राहिलो," म्हणतो, तेही इतक्या हळू की जणू बोलण्यालाही तिकीट आहे. भर उन्हाळ्यात मफलर. एकदा आत्या म्हणाली, "काढ ते, घामोळ्या येतीन." तर म्हणे, "आई, आर्टिस्टले घामोळ्या येत नाई." आल्या. आठवडाभर मुलतानी माती लावून बसला होता, मफलरसकट.

पूर्वी माझे बाबा त्याच्यामागे झील धरायचे. हा ओळ अर्ध्यावर सोडायचा आणि बाबा ती मागून उचलायचे, हमखास थोडे उशिरा, कारण त्यांना आधी तंबाखू गालात सरकवावी लागे. यंदा जामसांवलीला त्याचा कार्यक्रम ठरला, तसे बाबा पांढरा सदरा इस्त्री करून तयार. गुडघे गेलेले, पुन्हा कधी त्याच्यामागे बसायला मिळेल, भरवसा नव्हता. स्टेजपाशी मॅनेजरने अडवलं, "काकाजी, कोरस पेनड्राइव्हमध्ये आहे."

मी भावाला गाठलं. "दादा, बाबाले बसू दे ना मागं."

तो मफलर नीट करत म्हणाला, "मामाले समजाव बे. मशीन कोणासाठी थांबत नाई."

बाबा समोर सतरंजीवर जाऊन बसले.

कार्यक्रम अर्थातच उशिरा सुरू झाला. मारुतीचं जुनं भजन आलं, ओळ अर्ध्यावर आली आणि त्याची नजर बाबांवर पडली. सवयीनं त्यानं ओळ तशीच सोडली. पेनड्राइव्हनं वेळेवर उचलली, हा गप्पच. मशीन एकटंच पुढे निघालं, मॅनेजरनं घाबरून ते बंद केलं, आणि हा मफलर धरून बाबांकडे बघत उभा. बाबांनी तंबाखू सरकवली, मग खालूनच झील ओढली, जराशी बेसूर. तेव्हा कुठे त्यानं पुढची ओळ घेतली.

संपल्यावर तो एसी गाडीत बसून निघून गेला, निरोपसुद्धा न घेता. आम्ही मोटारसायकलवर निघालो. वाटेत फाटक लागलं. बाबा मागून म्हणाले, "थांबला ना रे तो, माह्यासाठी."

गाडी गेली, फाटक उघडलं. मी किक मारायला जरा उशीरच केला.