चार पेनांचा प्रिंटर

नोकरीतली बरीचशी प्रकरणं फाईल बंद झाली की डोक्यातून जातात. हे एक गेलं नाही. त्यात गुन्हेगार कोणीच नव्हता, आणि तरीही मी एका माणसाला गुन्हेगारासारखं वागवलं.

इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. मंगळवारी सकाळी हजेरी चालू असताना वरकुट्याहून एक नवरा-बायको आले. नवरा लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला, अंगात कंपनीचाच शर्ट. त्याचे वडील सत्तरी ओलांडलेले, माळेगावकडच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. गाव त्यांना तात्या म्हणायचं. सोमवारी सकाळी ते घरातून निघाले आणि परतले नव्हते.

मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली, कंट्रोलला बिनतारी संदेश दिला, फोटो आजूबाजूच्या ठाण्यांना पाठवला. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरातलं काही गेलंय का?"

"मशिनी गेल्यात," मुलगा म्हणाला. "समद्या."

या मशिनी म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वीचे पॉकेट कॉम्प्युटर. दिसायला लांबट कॅल्क्युलेटर, पण बारीक बटणांवर अक्षरंही असतात आणि त्यात प्रोग्रॅम लिहून ठेवता येतो. काहींना हाताएवढा प्रिंटर जोडता येतो. प्रयोगशाळेत तात्यांनी असंच एक यंत्र वापरलं होतं. निवृत्तीनंतर भंगारातून, ओळखीपाळखीतून त्यांनी वीसेक जमवली.

घरी जाऊन पाहिलं. कपाट रिकामं होतं. खाली मऊ ब्रश, कापूस आणि व्हिनेगरची बाटली. सून म्हणाली, "सेल पाझरला की आत खार धरतो, त्यो ह्यानं पुसायचे. दर आयतवारी हेच. लेकरावानी जपायचे, साहेब."

मुलाचा तर्क वेगळा होता. "जुन्या मशिनींना आता गिऱ्हाईक हाय म्हणं. कुणीतरी नादी लावून नेलं असंल तात्यांना."

मला तो तर्क पटला. पण मनात कालव्याचं पाणी होतं. त्या भागात म्हातारा माणूस रात्रभर आला नाही की पोलीस आधी कालवा बघतो. दोन अंमलदार मी कालव्याच्या कडेनं पाठवले.

दुपारी बाराच्या सुमारास एसटीच्या एका कंडक्टरने फोटो ओळखला. दोन जड पिशव्या घेतलेले आजोबा सोमवारी बारामतीला उतरले होते. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या दुकानाचा पत्ता विचारत होते. मी बारामतीला पोचल्यावर ते दुकान सापडायला अर्धा तासही लागला नाही. मालक पन्नाशीचा, मुसलमान, वजनकाटे आणि रेडिओ दुरुस्त करणारा. टेबलावर एक पॉकेट कॉम्प्युटर प्रिंटरसकट उघडा पडलेला, बाकीचे मागच्या फळीवर ओळीनं लावलेले.

"माल कुठून आणला?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "माझ्याकडं ठेवायला दिल्यात."

"कोणी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

तिथल्या ठाण्याला कळवून त्याला तिकडे नेलं. खुर्ची दिली नाही. तासभर तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले, आवाज चढवला, आत टाकीन म्हणालो. तो सारखा कपाळाचा घाम पुसत होता, पण तोंडातून एकच वाक्य. "मी शब्द दिलाय, साहेब. चोरी केली न्हाय." इतका घाबरलेला माणूस गप्प बसतो म्हणजे काहीतरी भयंकर लपवतोय, असा माझा हिशेब होता. त्याचा घाम बघून माझी भीती वाढत गेली.

एवढ्यात माझा हवालदार आत आला. कालव्याच्या दाराशी पांढरं कापड अडकलेलं दिसतंय, असा निरोप होता. तात्या पांढरा शर्ट घालून गेले होते. मी म्हणालो, "गळ टाकून बघा. म्हातारा पाण्यात गेला असेल तर..."

दुरुस्तीवाला मध्येच बोलला. "साहेब, तात्या घरी न्हाय पोचले?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माणूस हरवलाय, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. आपल्याला काय हवंय ते समोरच्याला कळू द्यायचं नाही, ही खात्यातली सवय. मुलानं मशिनी परत मिळवायला पोलीस धाडलेत, असं तो समजून बसला होता.

मग तो भडाभडा बोलला. "तात्या माझं जुनं गिऱ्हाईक. आता इसरायला लागलेत, काल दुकानाचा रस्ताबी इचारत आले. घरी कुणाला सांगू नगंस, म्हणून शपथ घातली मला. म्हणले, मी सेल काढायचं इसरलो की मशिनी सडतील, तू सांभाळ. ही एक तेवढी त्यांच्या रोजच्या वापरातली. प्रिंटरचं चाक तडकलं होतं. दोन दिसांनी या म्हणलं, तर व्हय म्हणून गेले."

"रोज कशाला वापरायचे?"

"दुकानात चला. चाक बसवलंय मी."

दुकानात त्यानं यंत्राला प्रिंटर जोडला, एक बटण दाबलं. त्या प्रिंटरमध्ये बोटाच्या पेराएवढी चार पेनं असतात, काळं, निळं, हिरवं, लाल. टिकटिक करत अरुंद कागद पुढंमागं सरकू लागला. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटत होतं. तात्यांचं स्वतःचं नाव. गाव वरकुटे. मुलाची शिफ्ट. सुनेचं नाव. गोळ्यांच्या वेळा. रोज सकाळी तात्या हा कागद काढून खिशात ठेवत. सोमवारी प्रिंटर बंद पडला होता, खिसा रिकामा होता.

शेवटची ओळ लाल होती. "घर सापडलं नाही तर कारखान्याच्या गेटवर जा. तिथे ओळखतात."

माळेगावचा रस्ता मी त्या दिवशी कसा काटला ते मलाच माहीत. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि कालव्यावरून अजून फोन आला नव्हता. दुरुस्तीवाला मागच्या सीटवर काही पुटपुटत होता, बहुधा दुआ. गेटजवळ पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वजनकाट्याच्या भिंतीला टेकून तात्या बसले होते. ओठ सुकलेले, चप्पल एकाच पायात. गाडीवानांनी आपल्यातल्याच कुणाचा म्हातारा समजून त्यांना भाकरी दिली होती.

मी नाव घेऊन हाक मारली. त्यांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. पण दुरुस्तीवाल्याकडे बघून म्हणाले, "चाक बसलं का रं?"

"बसलं, तात्या," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

कालव्यातलं कापड म्हणजे खताची रिकामी गोणी होती. मुलाला वडिलांच्या आजाराचं मीच सांगितलं. तात्या पुढं दोनेक वर्षं होते. तो प्रोग्रॅम कसा बदलायचा ते सून बारामतीला जाऊन शिकून आली.

आठवड्यानं मी साध्या कपड्यांत त्या दुकानात गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "तुमी सुरवातीलाच म्हणला असता की तात्या सापडत न्हाईत, तर मी दुकान उघडं टाकून पळालो असतो."

त्यानंतर कोणालाही समोर बसवलं की मी आधी खुर्ची देत असे, आणि आपण कशासाठी आलोय ते सांगून टाकत असे. क्वचित एखाद्यानं त्याचा फायदाही घेतला. पण तो एक तास मी वाया घालवला तेव्हा एक म्हातारा उन्हात तहानलेला बसला होता, हे मला माझ्या नोकरीच्या नोंदीत कुठंच लिहिलेलं नसलं तरी पाठ आहे.