नागरमोथ्याचा डबा

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पेपर तपासत होतो. लाल पेन हातातच राहिलं आणि आधी आठवली ती बाग... त्यांचं आजारपण नव्हे, शेत नव्हे, बाग. याला आता दीड महिना झाला.

दोन वर्षांपूर्वी काका भोकरदनजवळच्या आमच्या गावाहून डोळे तपासायला जालन्यात माझ्याकडे आले होते. रविवारी आम्ही शिक्षक मंडळी निजामाच्या काळातली एक जुनी बाग बघायला निघालो, काकांनाही सोबत घेतलं; सहकाऱ्यांना मात्र 'गावाकडचे आहेत' एवढंच सांगितलं. गुलाबांच्या चौकात ते थांबलेही नाहीत. कमळांच्या कुंडापाशी पाणी कुठून येतं एवढं विचारलं. औषधी वनस्पतींच्या वाफ्यांत मात्र त्यांचा जीव रमला. आम्ही पाट्या वाचत पुढे गेलो आणि मागे माळ्याची शिट्टी वाजली. काका उकिडवे बसले होते, हातात मुळासकट उपटलेला लव्हाळा. ज्या तणाशी जन्मभराचं हाडवैर, ते असं ऐटीत वाफ्यात बसलेलं त्यांना बघवलं नाही. तणाला कोण पाटी लावतं? पण पाटी होती: नागरमोथा.

"दिसत न्हाई का बाबा? कोनासंगं आलात?" माळी ओरडला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझे सहकारी हसत होते. आणि मी, दुसऱ्यांच्या लेकरांना धीटपणा शिकवणारा मास्तर... मी पुढची पाटी वाचत राहिलो.

"एकलाच आलो," काका म्हणाले. बोटांनी माती उकरून त्यांनी लव्हाळा परत लावला. "उभी जिंदगी उपटण्यात गेली, आज लावून राह्यलो," म्हणत स्वतःशीच हसले. घरी येईपर्यंत मी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. पुढच्या सुट्टीत गावी जाऊन माफी मागू, असं मी दर सुट्टीत ठरवत राहिलो.

तेराव्याला ओसरीत बसलो, तर खांबाशी गोडेतेलाचा जुना डबा. त्यात लव्हाळा तरारलेला. डब्यावर चुन्याने, काकांच्या चौथीतल्या अक्षरात लिहिलेलं: नागरमोथा.

"बागेतून मुळाची एक गाठ खिशात घालून आणल्ती," काकू म्हणाली. "आल्यागेल्याला दाखवायचे. म्हनायचे, माळी लई तापला, पर आपला मास्तर मधी पडला. माझे काका हायेत म्हनला, मंग माळी गपगार!"

मी तिथेच रडलो. काकूला वाटलं, काकांसाठी.

डबा आता माझ्या गॅलरीत आहे. परवा तेच सहकारी घरी आले होते. हे तण कशाला वाढवलंय, असं एकाने हसत विचारलं.

"माझ्या काकांचं आहे," मी म्हणालो. "त्या दिवशी बागेत होते ना, ते माझे काका."