बेडरूमचे दोन कर्ण

मुलीचं आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, आता घरात मोठमोठ्या इमारतींच्या गप्पा होणार. पहिल्याच सत्रात तिला काढायला सांगितलं काय, तर स्वतःचं घर. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरचा आमचा वन बीएचके. भिंत न् भिंत मोजायची आणि आहे तशी कागदावर उतरवायची.

शीट दोनदा परत आली. पहिल्यांदा तिने माझ्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप वापरली होती. ती ओढाल तेवढी लांबते. दुसऱ्यांदा सरांनी बेडरूमभोवती लाल गोल करून लिहिलं, "कर्ण कुठे आहेत?" नुसत्या चार भिंती मोजून भागत नाही म्हणे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी मापंही घ्यायची, तेव्हा खोली काटकोनी आहे की कललेली ते कळतं. आता तिसऱ्यांदा शीट परत आली तर त्या विषयात केटी, म्हणजे पुढच्या वर्षी धाकट्या मुलांबरोबर बसून सगळं पहिल्यापासून. शीट सोमवारी द्यायची होती आणि शनिवारी सकाळी मुलगी हॉलमध्ये फरशीवर बसून मुसमुसत होती.

"ऊठ, मी धरते टेप," मी म्हटलं.

मी हे उगाच म्हटलं नाही. मरोळच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी तपासणी खात्यात आहे. बोल्ट मोजते. केसापेक्षा बारीक फरक निघाला तरी बोल्ट बाजूला काढते.

"संपलं," नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा राहून म्हणाला. "आता ही मच्छरसुद्धा मोजून घेईल."

"तुम्ही कप ठेवा आणि त्या कोपऱ्यात उभे राहा. टेपचं टोक भिंतीला टेकवून धरा. टेकवून!"

स्टीलची टेप आणली होती. भिंती झकास जमल्या. लांब भिंती ३६६० मिलिमीटर, आखूड ३०५०. बारा बाय दहा फूट, बिल्डरने सांगितलेली. मग कर्ण. मध्ये आमचा बॉक्स बेड, म्हणून टेप त्याच्यावरून ताणून धरली. पहिला कर्ण ४८१०. दुसरा ४७२०.

नव्वद मिलिमीटरचा फरक! ज्या खोलीत मी एकोणीस वर्षं झोपते, त्या खोलीत नऊ सेंटिमीटर.

"तुम्ही टेप सोडलीत," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, माझा अंगठा बघ, निळा झालाय!"

टोकं बदलून पुन्हा मोजलं. मग मुलीला धरायला लावलं. प्रत्येक वेळी तेच आकडे. मग मी तेच केलं जे बावीस वर्षं करत आलेय. कारखान्यात एका मापाचे आकडे वेगवेगळे आले की आम्ही सरासरी काढतो. सरासरी आली ४७६५. खोली अगदी काटकोनी असती तर कर्ण किती यायला हवा, तेही मांडून पाहिलं. ४७६४! एका मिलिमीटरचा फरक. मी जवळजवळ टाळी वाजवली.

"बघ! टेप कुठेतरी झोळ खात होती. दोन्हीकडे ४७६५ लिही." आणि ती लिहीपर्यंत कशाला थांबायचं म्हणून कच्च्या कागदावर मीच लिहून टाकलं, माझ्या सुबक अक्षरात.

मुलगी कागदाकडे बघत राहिली. रडणं कधीच थांबलं होतं.

"आई, यार, हा एकच बोल्ट दोनदा मोजलेला नाहीये. हे दोन वेगळे कर्ण आहेत."

"मग सरासरी इतकी बरोबर कशी आली?"

"खोली थोडीफार कललेली असली ना, तरी सरासरी जवळपास तेवढीच येणार. एक कर्ण वाढतो तेवढा दुसरा कमी होतो. हे लिहिलं तर सर पुन्हा गोल करतील आणि माझी वाट लागेल."

"एवढा मोठा बिल्डर खोली वाकडी बांधेल?"

यावर बापलेक दोघंही इतक्या जोरात हसली की मला रागच आला. "सिद्ध करून दाखव," मी म्हटलं.

"बेड सरकवू या. खालच्या फरश्या सांगतील."

"नाही हां!" नवरा ओरडला. त्या बेडमध्ये चार गाद्या, सासूबाईंची तांब्यापितळेची भांडी आणि न चालणारा एक टीव्ही आहे. पण दोघीजणी ढकलायला लागल्यावर त्यालाही हात लावावाच लागला. बेड कुरकुरत हॉलच्या दारापर्यंत आला.

खिडकीखालच्या भिंतीलगत, जिथे लग्नानंतर माझा झाडू कधी पोचला नव्हता, तिथे फरश्यांची शेवटची ओळ दिसली. एका टोकाला फरशी १४० मिलिमीटर रुंद. पुढची थोडी कमी, त्याच्या पुढची आणखी कमी. दुसऱ्या टोकाला ७०. एकेक फरशी पाचरीसारखी तिरपी कापलेली. फरशी बसवणाऱ्याला हे तेव्हाच कळलं होतं. त्याने मुकाट्याने कापून बसवली आणि तो निघून गेला.

मी गुडघ्यांवर बसून सगळी ओळ मोजली. मग खोडरबर मागितलं.

"दे, मी खोडते," मुलगी म्हणाली.

"नको. मी लिहिलंय, मीच खोडते."

रविवार तिने शीट काढण्यात घालवला. दोन कर्ण, दोन आकडे, आणि जराशी कललेली आमची बेडरूम. मी फक्त आकडे वाचून दाखवले आणि काहीही सुचवलं नाही. हे सोपं नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी डबा न उघडता तसाच ठेवला.

"आई, सही झाली!"

"नक्की? शीटवर? लाल गोल नाही कुठे?"

"नाही गं. सरांनी सगळ्या वर्गाला विचारलं, एवढ्या सरळ खोल्या मुंबईत तुम्हाला मिळाल्या कुठे? अर्ध्या शीट परत केल्या. माझी वर धरून दाखवली."

४७६५ लिहून शीट गेली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब करायला मला कागद लागला नाही.

"आई? आहेस ना?"

"आहे. मार्क किती?"

"दहापैकी आठ."

"दोन कशाचे गेले?"

"आई!" ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.