होडी पाहण्याचा कार्यक्रम

कोणतीही वस्तू समोर आली की सुजाताबाई खोब्रागडे आधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि मग देणाऱ्याला विचारत, "याले दुखते कुठी?" फ्रिजच्या दुकानात हाच प्रश्न, जुन्या स्कूटरच्या सौद्यात हाच प्रश्न. पुतणीला पाहायला मुलाकडची मंडळी आली, तेव्हा बाईंनी मुलाच्या वडिलांनाही सोडलं नाही. "पोरगा चांगला हाये जी, दिसूनच राह्यला. पन याले दुखते कुठी?" वडील गडबडले आणि खरं बोलून गेले, की पोरगा घोरतो. लग्न जमलं. बाईंच्या मते ते त्या उत्तरामुळेच जमलं.

माझी त्यांची पहिली भेट ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात, पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात झाली. मी नवाकोरा इंजिनिअर होतो आणि रात्रपाळी संपवून त्यांना चार्ज देत होतो. "सगळं ओके, मॅडम," असं सांगून मी घराकडे पाऊल टाकलं. बाई जागच्या हलल्या नाहीत. "सगळं ओके म्हनते, म्हंजे पाह्यलंच नाई. चला, फेरी मारू." फेरीत एका गरम पाइपावर एक बनियन वाळत घातलेलं सापडलं. ते माझं होतं. "हे पन ओके हाये का, भाऊ?" बाईंनी विचारलं. त्या दिवसापासून आमच्या विभागात चार्ज देणारा आधी दुखणी सांगू लागला, आणि मी बनियन घरी वाळवू लागलो.

आमच्याकडची माणसं निवृत्त झाली की चंद्रपुरात घर बांधतात आणि त्याच्या गच्चीवर बसून केंद्राच्या चिमण्या पाहत राहतात. बाईंच्या निरोप समारंभात कोणीतरी विचारलं, "मॅडम, प्लॉट कुठी घेतला?" बाई म्हणाल्या, "प्लॉट नाई. मले शिडाची होडी घ्याची हाये. समुद्रात चालनारी." हॉलमध्ये बसलेल्या अर्ध्या लोकांनी समुद्र फक्त लग्नानंतरच्या सहलीत पाहिला होता. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कोणालाच कळेना.

या वेडाचं मूळ भामरागडकडचं. बाईंचे वडील तिथल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. पावसाळ्यात रस्ते तुटले की औषधांची पेटी डोंग्यातून, म्हणजे खोड कोरून केलेल्या नावेतून, नदीपार जायची. एकदा वडिलांनी बांबूला चादर बांधली आणि वारा भरला. "त्या दिवशी बाबानं वल्हं मारलंच नाई," बाई सांगायच्या आणि सांगताना साठी ओलांडलेल्या त्या बाई अगदी दहा वर्षांच्या व्हायच्या. "वाराच ढकलून राह्यला होता, भाऊ! मी तवाच ठरवलं." निवृत्तीनंतर दोन हिवाळे गोव्यात राहून त्या शीड हाताळायचं रीतसर शिकून आल्या.

आता अडचण एकच होती आणि ती घरातच, सोफ्यावर बसून पेपर वाचत असे. मनोहरभाऊ, बाईंचे यजमान. उभी हयात एस.टी. चालवली, अहेरी ते भामरागड. एका पावसाळ्यात त्यांची गाडी पुलावर बंद पडली आणि पाणी चाकांवर चढलं. सगळे पॅसेंजर सुखरूप उतरले, सगळ्यांच्या शेवटी मनोहरभाऊ उतरले. पण तेव्हापासून पाण्याशी त्यांनी जे संबंध तोडले ते तोडलेच. इरई धरणावर सहल गेली तर भाऊ बसमध्येच बसून राहत.

"होडी घेतली तं दोघाईची," बाईंनी मला सांगितलं. "हे नाई आले तं मी पन नाई. मंग पाहू गच्चीवरून चिमन्या."

मी स्वतःची सल्लागार म्हणून नेमणूक करून घेतली. एक अख्खा हिवाळा इंटरनेटवर होड्या पाहण्यात घालवला आणि माझी खात्री पटली की आता भारतीय नौदलाने मला विचारूनच पुढची पावलं उचलावीत. मी बाईंना समजावून सांगे, की एक होडी असते रुंद, जड, आत घरासारखी ऐसपैस. ती हळू चालते. दुसरी असते हलकी, निमुळती, उंच डोलकाठीची, ती पळते. आणि तिसरी मधली, पळणारी आणि राहण्याजोगीही. मी पळणारीच्या बाजूचा होतो. मला तिच्यात राहायचं नव्हतं ना!

"मॅडम, शीड जितकं मोठं तितकी मजा," मी म्हणालो.

"करून दाखवा," बाई म्हणाल्या.

सिंदेवाहीकडे माझ्या सासुरवाडीला एक मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव, आहे. तिथे मासे धरणाऱ्या ढिवराचा डोंगा मागून घेतला, बांबू रोवला आणि ट्रकवर घालायची ताडपत्री शीड म्हणून चढवली. तलावाच्या पाळीवर सासरची सगळी मंडळी जमली. मेहुण्याने खुर्च्या आणल्या. मनोहरभाऊ खुर्चीवर, पण पाण्याकडे पाठ करून बसले. वारा आला, डोंगा सुटला, मी विजयी वीरासारखा हात वर केला आणि त्याच हाताने शिंगाड्याच्या वेलांत जाऊन पडलो. वर ताडपत्री, खाली चिखल. "वाचवा! बुडालो!" मी ओरडलो. मुलं आठवली, राहिलेली रजा आठवली. तेवढ्यात पाळीवरून बाईंचा शांत आवाज आला.

"भाऊ, जरा उभे राहून पाहा ना!"

मी उभा राहिलो. पाणी कमरेपर्यंत होतं.

सासरी आजही मला वाढताना कोणी ना कोणी "जरा उभे राहून पाहा" म्हणतंच. पण त्या दिवशी एक चांगलं झालं. मनोहरभाऊंनी मान वळवली, तलावातलं माझं ध्यान पाहिलं आणि खुर्चीतून पडेस्तोवर हसले. पाण्याकडे पाहून भाऊ हसतायत, हे बाईंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मला टॉवेल देताना त्या म्हणाल्या, "शीड केवढं, हे नंतर. वारा वाढला तं ते आवरते किती लवकर, हे पहिले विचाराचं." त्यांचे डोळे मात्र नवऱ्यावर होते.

मग ठरला गोव्यातला कार्यक्रम. तीन जुन्या होड्या विकायच्या होत्या आणि तिन्ही एकाच धक्क्यावर उभ्या होत्या. मनोहरभाऊ यायला तयार झाले, पण एका अटीवर: ते होडीच्या पोटातल्या खोलीत बसतील, खिडकीला पडदा लावतील आणि चहा करतील. घरी चहाचं खातं त्यांच्याकडेच होतं. बाई खूश झाल्या. "पाहाचा कार्यक्रम म्हटल्यावर चहा पाह्यजेच!"

पहिली होडी रुंद होती. आत पलंग, कपाट, भिंतीवर आरसा. बाईंनी फेरी मारली आणि मालकाला विचारलं, "इले दुखते कुठी?"

"काहीच नाही, मॅडम. एकदम परफेक्ट!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला माझं बनियन आठवलं. मग त्यांनी पायाखालची एक फळी उचलली. खाली पाणी डुचमळत होतं. तरीही एक फेरी झालीच. चहा कपात इतका स्थिर राहिला की मनोहरभाऊंनी आतून आवाज दिला, "सुटली का गाडी?" सुटली होती, पण शीड फुगूनही ती इतकी हळू चालली होती की पाण्यात पडलेली एक करवंटी आमच्या पुढे निघून गेली.

"हे होडी नाई," बाई उतरताना म्हणाल्या. "हे क्वार्टर हाये."

दुसरी होडी माझी लाडकी. हलकी, तरतरीत, सुकाणूला लांब दांडा. तो दांडा ज्या बाजूला ढकलावा त्याच्या उलट बाजूला होडी वळते, हे मला चार वेळा चुकून पाचव्यांदा कळलं. मग बाईंनी दांडा घेतला. वारा आला, होडी एका कुशीवर कलली आणि पाणी कापत अशी सुसाट निघाली, की बाईंच्या तोंडून "ओ माय!" निघालं. केस सुटलेले, तोंडावर खारं पाणी. त्यांना मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. "पाहा भाऊ, पाहा! वाराच ढकलून राह्यला!" मीही ओरडत होतो. एवढ्यात खालून अख्खी किटली उडून माझ्या मांडीवर आली, आणि ओरडण्याचं कारण बदललं.

पाठोपाठ मनोहरभाऊ वर आले. चेहरा पांढरा, एका हाताने दार घट्ट धरलेलं. "तू घे हे," ते बाईंना म्हणाले. "तुले आवडली, दिसूनच राह्यलं. मी अहेरीले भावाकडं राहीन. खरंच म्हनतो. रागानं नाई."

बाईंनी होडी धक्क्याला लावली. उतरल्यावर तिच्या अंगावरून एकदा हात फिरवला.

"नाई," त्या म्हणाल्या.

"अहो मॅडम, हिच्याइतकी वेगवान होडी अख्ख्या किनाऱ्यावर..."

"वेगवान हाये. पन एकटीची हाये."

त्यानंतर तिसरी पाहण्यात कोणालाच रस उरला नव्हता. तिचे मालक एक निवृत्त कॅप्टन, पांढरी दाढी, तोंडात लवंग. बाईंनी सवयीनेच विचारलं, "दुखते कुठी?" आणि कॅप्टन खाली बसले. पाणी उपसायचा पंप कुरकुरतो. डोलकाठीला ताणून धरणारी एक तार लवकरच बदलावी लागेल. डाव्या खिडकीतून पावसात थेंब येतो. वाऱ्यावर ही आधी झटकन कलते, नवा माणूस घाबरतो. मग पोटाखालचं वजन तिला धरतं आणि त्यापुढे ती कलत नाही. मोठं शीड बसल्या जागेवरून आवरता येतं, पण दोरी जरा अडकते, हिसका द्यावा लागतो. ते सांगत गेले तसा बाईंचा चेहरा खुलत गेला. "आता कसं!" त्या म्हणाल्या. "आता चार्ज देल्ल्यासारखा वाटला!"

मनोहरभाऊंना हातापाया पडून खाली बसवलं, नवी किटली चढली. होडी निघाली, कलली आणि कॅप्टन म्हणाले होते तशी एका जागी येऊन थांबली. पळत मात्र होती! दुसरीइतकी नाही, पण बाईंचे केस पुन्हा सुटले. आत चहा कपाच्या काठापर्यंत आला आणि मागे फिरला. मी एवढं बोलत होतो की कॅप्टनांनी वैतागून सुकाणूच माझ्या हाती दिलं. इथे दांडा नव्हता, गोल चाक होतं. पण मी नुकताच उलट ढकलायचं शिकून आलो होतो. समोर खनिज वाहून नेणारा एक अवाढव्य बार्ज येत होता. उजवीकडे जायचं म्हणून मी पूर्ण आत्मविश्वासाने चाक डावीकडे फिरवलं. होडी थेट बार्जकडे निघाली.

"चाक उलटं फिरव!" कॅप्टन ओरडले. मी आणखी डावीकडे फिरवलं.

चहा घेऊन वर येणारे मनोहरभाऊ पायरीवरच थांबले. त्यांनी चाक पाहिलं, ते कोणाच्या हातात आहे ते पाहिलं. "अबे, स्टेअरिंग कोनाच्या हाती देल्लं बे!" किटली माझ्या हाती कोंबून, मला खांद्याने बाजूला सारून ते चाकामागे उभे राहिले. दोन्ही हात आपोआप जागेवर गेले, नजर समोर. होडी वळली आणि बार्ज बाजूने शांतपणे निघून गेला.

भाऊंच्या दोन्ही बाजूंना पाणीच पाणी होतं आणि ते रस्ता पाहावा तसे त्याच्याकडे पाहत होते. हिवाळाभर मी होड्यांची लांबी, वजनं, शिडं ताडून पाहिली होती. गाडीला स्टेअरिंग आहे का, हे मात्र मला एकदाही सुचलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने, मान न वळवता, भाऊंनी विचारलं, "इथी ओव्हरटेक कोन्या बाजूनं करतेत?"

बाई हसल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. "खारं पानी गेलं," मला म्हणाल्या. मी नुसती किटली धरून उभा होतो.

पुढच्या हिवाळ्यात ते दोघं त्याच होडीतून कारवारकडे निघाले. पहिल्या फेरीला कॅप्टन सोबत होते. निरोप द्यायला मी ऊर्जानगरहून गेलो. धक्क्याला बांधलेला दोर सोडायचं काम मी मागून घेतलं होतं. मनोहरभाऊ चाकामागे, डोक्यावर जुनी खाकी टोपी. डोलकाठीजवळ पितळी घंटा टांगलेली. बाईंनी एस.टी.च्या कंडक्टरसारखी तिची दोरी दोनदा ओढली, टिंग-टिंग. डबल बेल. होडी निघाली, दोन हात पुढे गेली आणि गचका खाऊन थांबली.

टिंग. सिंगल बेल.

"कंडक्टर, काय झालं?" मनोहरभाऊंनी विचारलं.

"एक पॅसेंजर सोडून नाई राह्यला," बाई म्हणाल्या.

दोर अजून माझ्याच हातात होता, खुंट्याला दोन वेढे घालून. का, ते मला विचारू नका. मी वेढे सोडायला वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो. वरून बाईंचा आवाज आला, हळू, चार्ज घेताना असायचा तसा.

"भाऊ, दुखते कुठी?"

"सगळं ओके, मॅडम," मी म्हणालो.

"म्हंजे पाह्यलंच नाई!"

मी दोर सोडला. टिंग-टिंग.