सुनंदाताईंची रविवारची सर्किटशाळा

सुनंदाताई आगाशे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्या दारातूनच परत निघाले होते. यजमानांची बँकेतली बदली होऊन आम्ही नुकतेच कोलकात्याला, डमडमला राहायला आलो होतो. सॉल्ट लेकमध्ये एक मराठी बाई दर रविवारी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, असं कळलं म्हणून मुलीला घेऊन गेले.

"हिला सोडायला आलेय," म्हणून मी वळले, तर ताईंनी विचारलं, "आणि न्यायला येईपर्यंत तुम्ही काय करणार?"

ताईंनी वायरी खोचून सर्किट जुळवायचा, भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड माझ्यापुढे सरकवला. "बसा. दिवा लावून बघा."

केंद्र सरकारच्या नोकरीत अभियंता म्हणून ताई इथे आल्या आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिल्या. घराची पुढची खोली त्यांनी सगळ्यांसाठी उघडी केली. तिथे पाठांतर नसतं. दोन्ही बटणं दाबली तरच लागणारा दिवा, कुठलंही एक दाबलं तरी लागणारा दिवा, दाबलं की विझणारा दिवा, अशी लॉजिक गेटं मी बोटांनी शिकले.

ताईंचा एक नियम कडक आहे. शिकणाऱ्याच्या वायरीला त्या हात लावत नाहीत. सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत नोकरी करणारा एक तरुण एकदा कंटाळून म्हणाला, "ताई, तुम्हीच जोडून द्या ना." ताई हसल्या. "मी जोडलं तर माझा दिवा लागेल. तुझा कधी लागणार?"

या नियमाची खरी किंमत मला कळली ती आमच्या शेजारच्या मिताली बौदींमुळे. बौदी म्हणजे बंगालीत वहिनी. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. त्यांचे पती सुबीरदा यांना ऐकू कमी येतं. एका दुपारी बौदींनी घंटी वाजवली, पण तिचा आवाज स्वयंपाकघरात सुबीरदांपर्यंत पोचलाच नाही. त्या स्वतः उठायला गेल्या आणि पडल्या.

मी खाटेजवळ बटण आणि स्वयंपाकघरात दिवा, असं सर्किट जुळवलं आणि मोठ्या उत्साहात ताईंना दाखवलं.

"बोट उचललं की?"

"विझतो."

"तेव्हा सुबीरबाबूंची पाठ असेल तर?"

दिव्यानं हाक लक्षात ठेवायला हवी होती. दोन गेटं एकमेकांना अशी जोडायची की बोट निघालं तरी दिवा तेवत राहील आणि दुसरं बटण दाबल्यावरच विझेल. याला लॅच म्हणतात. कितीतरी रविवार ते जमेना. ताई प्रश्न विचारत राहिल्या, वायरी मात्र मीच उपसल्या आणि मीच पुन्हा खोचल्या.

शेवटी जमलं. पण बौदींच्या घरी बसवल्यावर पंखा लावला की दिवा आपोआप लागू लागला. सुबीरदा धावत जायचे, बौदी नकारार्थी मान हलवायच्या. "काढून टाकते," असं मी ताईंना फोनवर म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुडघे धरत ताई आमच्या इमारतीचे तीन जिने चढून बौदींच्या घरी आल्या.

"बटण दाबलेलं नसतं, तेव्हा त्या वायरीला तू काय सांगितलंयस?"

"काहीच नाही."

"मग ती वाटेल ते ऐकणार."

मी तिथे एक रेझिस्टर जोडला. आता बटण मोकळं असतानाही वायरीला पक्का संकेत मिळत होता. पंखा फिरला, दिवा शांत राहिला. मग बौदींनी डाव्या हातानं बटण दाबलं. स्वयंपाकघरातून सुबीरदांचा आवाज आला, "ओ डाकछे! ती हाक मारतेय!" ते लगबगीनं आले, तेव्हा बौदींचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. सुबीरदा ताईंपुढे हात जोडू लागले. ताईंनी त्यांना माझ्याकडे वळवलं. "हे वैशालीनं केलंय." त्या तीन शब्दांनी मला जेवढा अभिमान दिला, तेवढा कुठल्याही पदवीनं दिला नव्हता.

आता सुबीरदाही रविवारी येतात. पलीकडच्या इमारतीतल्या एका आजोबांसाठी तसंच यंत्र ते स्वतः जोडताहेत.

ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. कोलकात्यातल्या कितीतरी घरांत आज त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातचे दिवे लागतात, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. ताई, तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, प्रकृती खणखणीत राहो. शंभरी गाठा, आणि त्यानंतरच्या रविवारीही आम्हाला प्रश्न विचारायला हजर राहा.